उलट्या हाताची लेझीम

ट्रामने वळणावर हिसका दिला आणि कालिंदीच्या पायाशी ठेवलेलं पोतं छनछन वाजलं. कंडक्टर चपापला, आत काय आहे ते विचारू लागला. "दीदी, ओते की आछे?" नक्षलवाद्यांच्या बॉम्बच्या त्या वर्षांत कलकत्त्यात कुणाच्या पोत्यात काय वाजतंय याची लोक जरा काळजीच करत. ती उत्तर देणार, एवढ्यात मागे दांडीला धरून उभा असलेला एक तरुण स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "लेझीम आहे ती."

कालिंदीने चमकून मागे पाहिलं. जन्म कलकत्त्याचा असला तरी घराबाहेर मराठी कानावर पडायची तिला सवय नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून. आमच्या तासगावात हा आवाज आला की पोरं ताट टाकून पळतात."

कॅप्टन गुरुदत्त सरनोबत. नुकताच बदली होऊन फोर्ट विल्यमला आला होता. आपला थांबा मागे गेल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही म्हणे. बेहाल्याला तो तिच्याबरोबरच उतरला आणि पोतं खांद्यावर घेऊन शाळेपर्यंत आला. फौजेतल्या माणसाला थांबा कळू नये, हे कालिंदीला पटलं नाही, पण तिने तसं दाखवलं नाही.

मुलींच्या त्या माध्यमिक शाळेत ती शारीरिक शिक्षण शिकवायची. विषयाला नुकतेच परीक्षेत गुण मिळू लागले होते आणि पालकांची कुरकुर सुरू होती. उड्या मारून कुणी शहाणं होतं का, असं तोंडावर विचारत. मुख्याध्यापिका सुचित्रादींनी वार्षिक समारंभात त्यांना काहीतरी करून दाखवायला सांगितलं होतं. कालिंदीने लेझीम निवडली. वडिलांनी तिला दिलेली ती एकच गोष्ट होती, जी कपाटात ठेवून जपता येत नव्हती. गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून आले की दत्तात्रय तिला समोर उभी करून गच्चीवर लेझीम शिकवायचे. ती चौदाची असताना ते गेले. त्यांच्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली लेझीमही बंद पडली. शिकवणारं दुसरं कुणी नव्हतंच.

पोत्यातल्या बऱ्याच लेझिमींच्या कड्या तुटल्या होत्या. "शनिवारी येतो, जोडून देतो," असं म्हणून गुरुदत्त गेला आणि शनिवारी पक्कड घेऊन खरंच हजर झाला.

मैदानाच्या कडेला बसून तो कड्या जोडत होता. कालिंदी मुलींकडे पाठ करून पुढे उभी राहिली, म्हणजे मागच्यांना तसंच उचलता येतं. पहिला ठेका पडला आणि गुरुदत्तचे हात थांबले.

"काय झालं?" तिने नंतर विचारलं.

"काही नाही… कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बाबांनी."

"छान शिकवलंय," तो म्हणाला आणि पुन्हा पक्कड हातात घेतली.

मग बरेच शनिवार आले. हिवाळ्याचं कोवळं ऊन, मातीच्या भांड्यातला चहा…

"चहा खाणार?" ती विचारायची.

"तुमच्यात चहा खातात?"

"बंगालीत सगळंच खातात. पाणीसुद्धा."

तो हसायचा. तो हसला की तिला आपला शब्द सुधारावासा वाटायचा नाही. कड्या केव्हाच जोडून झाल्या होत्या. तरी तो येत राहिला आणि तिनेही पोत्यात तुटकी लेझीम उरली आहे का, हे कधी पाहिलं नाही. शनिवारच्या आधीची रात्र तिला आता लांब वाटायला लागली होती. आपण त्याच्या प्रेमात पडलो आहोत हे तिला कळलं होतं, फक्त बोलायचं कुणी, एवढंच उरलं होतं.

समारंभ झाला. मुली अशा रंगून खेळल्या की कुरकुरणारे पालकही टाळ्या वाजवत राहिले. तेवढ्यात मंडळाच्या बायकांमधून उज्ज्वलाताई पुढे आल्या. बँकेतल्या यजमानांची बदली झाल्याने त्या पुण्याहून नव्यानेच आल्या होत्या. मनाने वाईट नव्हत्या, पण जिभेला आवर नव्हता.

"पोरी गोड खेळल्या गं, कालिंदी. पण सगळ्या उलट्या! मूठ हवी त्या हातात दांडा, पाऊलही भलतंच. तुला शिकवलं तरी कुणी?"

आजूबाजूला हशा पिकला. कालिंदीने गुरुदत्तकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती.

लोक पांगल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं."

"हो. पहिल्या शनिवारपासून."

"आणि गप्प बसलात?"

"बाबांनी शिकवलं म्हणालात… मग मला चूक म्हणवेना."

"मी शिक्षिका आहे. माझ्या मुली चुकीचं शिकत होत्या आणि तुम्ही कड्या जोडत बसलात. माझ्या बाबांची कीव केलीत तुम्ही. पुन्हा येऊ नका."

"येणार नाहीच. बदलीची ऑर्डर आली आहे, सोमवारी पठाणकोटला निघतोय. ते सांगायचं होतं… आणि अजून एक."

"नको," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघून आली.

आई मटार सोलत बसली होती. कालिंदी दारातच म्हणाली, "बाबांनी मला चुकीचं शिकवलं, आई."

"त्यांनी बरोबरच शिकवलं. तू समोर उभी राहून आरशात बघावं तसं उचललंस. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, समोर उभी राहते तेव्हा कसं जुळतं बघ, मला मोडवत नाही. पुढच्या वर्षी सांगेन म्हणाले…" आईने शेंग तशीच हातात धरली. पुढचं वर्ष दत्तात्रयांना मिळालं नव्हतं.

कालिंदी आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. दोन माणसांनी तिची एकच चूक पाहिली होती आणि दोघांनाही ती मोडवली नव्हती. त्यातल्या एकाला तिने हाकलून दिलं होतं आणि तो परवा जाणार होता. ही चूक मात्र तिची स्वतःची होती.

रविवारी सकाळी ती दोन लेझिमी घेऊन फोर्ट विल्यमच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्याने निरोप आत पाठवला. गुरुदत्त आला तो जवळजवळ धावतच. समोरच्या मैदानावर धुकं होतं, मेंढ्या चरत होत्या. तिने एक लेझीम त्याच्या हाती दिली.

"समोर उभे राहा."

दोघांनी ठेका धरला. तो त्याच्या रीतीने खेळत होता, ती तिच्या. तो झुकला त्याच बाजूला ती झुकली, पाऊल पडलं तेही एकाच बाजूला. एकदाही चुकलं नाही. खेळता खेळता तिचे डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं, पण हात थांबवले नाहीत.

"बाबांनाही माहीत होतं," थांबल्यावर ती म्हणाली. "मुलींना उद्यापासून सरळ शिकवणार आहे मी."

"आणि तुम्ही?"

"मी अशीच. मला समोर कुणीतरी लागेल… काल काय सांगायचं राहिलं होतं?"

"पठाणकोटला लग्न झालेल्यांना क्वार्टर मिळतं." तो लेझिमीच्या चकत्यांकडे बघत होता. "तिथे मी एकट्याने राहू नये, असं वाटतं. तुम्ही… तू येशील?"

तिने आपली लेझीम पिशवीत ठेवली.

"शेजारी उभे राहिलो तर हात एकमेकांवर आपटतील आपले."

"लग्नात आधी समोरासमोरच उभं करतात, कालिंदी. मधला अंतरपाट दूर झाला की पुढचं शिकू."

तिने त्याच्या हातातली लेझीम काढून आपल्या पिशवीत ठेवली आणि ट्रामच्या दिशेने दोन पावलं गेली. मग मागे वळून म्हणाली, "आई घरी आहे. चहा खायला चल."

"खातो," गुरुदत्त म्हणाला आणि पिशवी तिच्या हातातून घेतली.