चौघांसाठी

प्रकाशनाच्या कचेरीत तिला सगळे तराजूबाई म्हणत. नाव ठेवलं होतं संपादकबाईंनी, आणि तिला त्याचा रागही नव्हता. पाककृतींचं पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातली एकेक कृती घरी करून बघायची, हे तिचं काम. लिहिलंय तसं, तंतोतंत. 'चिमूटभर' म्हणजे किती ग्रॅम, 'वीस मिनिटं' म्हणजे खरी वीस की लेखिकेच्या मनातली वीस, हे सगळं वहीत टिपायचं. ओट्यावर ग्रॅमपर्यंत अचूक असलेला छोटा काटा, खिडकीशेजारी घड्याळ आणि दोरीला बांधलेलं पेन. अकरा वर्षं हेच चाललं होतं. एका भांड्यातल्या जेवणाची लाट तिने पचवली, बिनसाखरेच्या केकची पचवली, एअर फ्रायरची तर दोनदा पचवली. बरणीत आंबवण जोपासायचं खूळ आलं तेव्हा फ्रिजमध्ये दूध ठेवायलाही जागा उरली नव्हती.

"आता लोकांना पुन्हा साधं हवंय," संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "नाटकं नकोत, सजावट नको. पोटाला बरं वाटेल असं. एका स्वयंपाकीणबाईंचं हस्तलिखित आलंय. अठ्ठावीस वर्षं दवाखान्याच्या मुदपाकखान्यात होत्या. तुमच्या सासऱ्यांनाही चालेल बघा."

सासऱ्यांचं नाव निघालं आणि तिने लगेच हो म्हटलं. हिवाळ्यात न्यूमोनियातून ते उठले खरे, पण अन्नावरची वासनाच उडाली होती. आयुष्यभर चित्रकला शिकवलेला माणूस, ताट समोर आलं की त्यातल्या वाटाण्यांची चमच्याने रांग लावत बसायचा. "छान झालंय, सूनबाई," एवढं म्हणायचे आणि ताट सरकवायचे. ती अकरा वर्षं दुसऱ्यांच्या कृती पारखत आली होती, आणि घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात चार घास जातील असं तिला काही जमत नव्हतं.

हस्तलिखित रेघी कागदांवर होतं. अक्षर मोठं, उभं, एकही खाडाखोड नाही. बेचाळीस कृती, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एकच ओळ: चौघांसाठी.

पहिल्याच दिवशी तिने जवाचं सूप केलं. दुपारी साडेबाराला तिघं टेबलाशी बसले. ती, नवरा आणि सासरे. टेबल चार खुर्च्यांचं होतं, कारण दुकानात तसंच मिळालं होतं. चौथ्या खुर्चीवर घडी न केलेले कपडे आणि जुनी वर्तमानपत्रं असायची. सासऱ्यांनी एक घोट घेतला, थांबले, आणि मग मान खाली घालून वाडगा संपवला.

"आणखी आहे?" त्यांनी विचारलं.

तीन महिन्यांत पहिल्यांदा. ती जवळजवळ धावतच ओट्याकडे गेली. पातेल्यात डाव घातला तर तो तळाला खडखडला. चार वाडगे लिहिले होते, आणि तिसऱ्यातच पातेलं कोरडं. तिने स्वतःचा वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि वहीत लिहिलं: प्रमाण कमी. आच मोठी झाली असावी.

दुसऱ्या दिवशी पाव. कणकेचे आठ गोळे, प्रत्येकी साठ ग्रॅम. भट्टीतून काढल्यावर तिने मोजले, आठ. टोपलीत ठेवून, रुमालाने झाकून टेबलावर आणले, तेव्हा सहा.

"तू खाल्लेस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी आत्ता हात धुऊन येतोय, अगं." त्याने ओले हात दाखवले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा माणूस तो. त्याच्या मते जगातल्या निम्म्या गोष्टी नीट न बघितल्यामुळे घडत. "आठ ठेवले असं तुला वाटलं असेल."

तिला वाटत नसे, ती मोजत असे. तिसऱ्या दिवशी तिने दुधी भोपळ्याचं सूप भांड्याचं वजन वजा करून तोललं. ओट्यावर एक किलो दोनशे. टेबलावर आणून वाढलं, उरलंसुरलं खरवडलं, तिन्ही वाडगे तोलले. नऊशे. ओट्यापासून टेबलापर्यंत आठ पावलं होती. त्या आठ पावलांत तीनशे ग्रॅम कुठे गेले, हे वहीत कसं लिहायचं ते तिला कळेना. तिने तारीख घातली आणि पुढची जागा कोरी ठेवली.

पण सासरे जेवत होते. रोज दोनदा मागून घेत होते. ताटाच्या कडेला लागलेलंही पावाच्या तुकड्याने पुसत होते. त्या आनंदात तीनशे ग्रॅम कोण मोजतो? ती सोडून कुणीच नाही.

महिन्याने तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलं, ते कौतुक ऐकायला म्हणूनच. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अठ्ठावन्न होते. आता चोपन्न. जेवत नाहीत का?"

"दोन-दोन वाडगे घेतात हो!"

"मग तपासण्या करू." तपासण्यांत काही निघालं नाही.

त्या शनिवारी फरशी पुसायला तिने खुर्च्या बाजूला काढल्या. तीन निघाल्या. चौथी एका हाताने हलेना. तिने वरचे कपडे आणि कागद उचलले आणि पुन्हा ओढली. पाय फरशीवर कर्र करून घसरले. मग न्हाणीघराबाहेरचा वजनकाटा आणला. आधी स्वतः उभी राहिली, मग एकेक खुर्ची उचलून घेतली आणि आपलं वजन वजा केलं. पहिली पाच किलो. दुसरी पाच. तिसरी पाच.

चौथी नऊ.

गणित चुकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिने तीनदा केलं.

"लाकूड ओल धरतं," नवरा म्हणाला.

"चार किलो?"

त्याने स्वतः जाऊन खुर्ची उचलली आणि खाली ठेवली. त्या दिवसापासून तो ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवू लागला. विचारलं तर म्हणे, पाठ दुखते.

तिने संपादकबाईंकडून स्वयंपाकीणबाईंचा नंबर घेतला. पलीकडचा आवाज स्वच्छ होता, वयस्कर, जरा घाईतला. मागे भांडी लागल्याचा आवाज येत होता.

"तुमची प्रमाणं कमी पडतायत," ती म्हणाली. "तिघांनाच पुरतं."

"चौघांसाठीच आहे ते."

"पण आम्ही घरात तिघंच आहोत."

पलीकडे भांडी थांबली. "चौथं वाढत नाही तुम्ही?"

"कुणाला वाढणार?"

"ते मी कशाला विचारू? अठ्ठावीस वर्षांत मी कधी विचारलं नाही. एक ताट मी जास्त वाढायचे. सगळ्यांच्या आधी वाढायचं. नाही वाढलं तर ते दुसऱ्याच्या ताटातून जातं, आणि जो अशक्त असतो त्याच्याच ताटातून जातं." मग त्या म्हणाल्या, "लिहिलंय ना मी वर. प्रत्येक पानावर लिहिलंय."

त्याच दिवशी तिने हस्तलिखित कपाटात टाकलं आणि खुर्ची गच्चीत नेऊन ठेवली. जेवणाला नेहमीचा भात आणि भाजी केली. सासऱ्यांनी चमच्याने वाटाण्यांची रांग लावली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याखेरीज कशालाही तोंड लावलं नाही, आणि त्यांच्या ओठांच्या कडा पांढऱ्या दिसू लागल्या.

"बाबा, दोन घास घ्या ना. माझ्यासाठी."

"ते मागचं कर," ते हळूच म्हणाले.

ती बाजारातून परतली तेव्हा खुर्ची टेबलाशी होती. जिन्याच्या बारा पायऱ्या उतरवून, एकट्याने, कपभर चहा धरतानाही थरथरणाऱ्या त्या हातांनी सासऱ्यांनी ती आणली होती. ते धापा टाकत शेजारी बसले होते.

"पाहुण्याला कुणी बाहेर बसवतं का, सूनबाई?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या गळ्याच्या खाली उतरलेल्या कातडीकडे पाहिलं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते तिने इतके दिवस फक्त ऐकलं होतं. कपाटातून कागद काढले. जव भिजत घातले. आणि साडेबाराला सगळ्यांच्या आधी चौथ्या खुर्चीसमोर वाडगा ठेवून तो काठोकाठ भरला.

पातेल्यात अजून बरोबर तीन वाडगे होते.

त्या वाडग्याकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं. घड्याळाकडे बघत जेवली. ताटं उचलताना तो रिकामा होता. आत पाव फिरवून पुसून घेतल्यासारखा कोरडा.

त्या आठवड्यात सासऱ्यांचं वजन चोपन्नच राहिलं. पुढच्याही आठवड्यात चोपन्न. ते घटायचं थांबलं, एवढ्यावरच तिने समाधान मानलं. माणसाला कशाचीही सवय होते. तिला चौथा वाडगा आधी भरायची झाली. खुर्ची मात्र वाढत होती. अकरा, तेरा, सोळा. दर शनिवारी ती उचलताना दंड भरून येत. सातव्या शनिवारी तेवीस भरली. ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण ती आदळू नये म्हणून जपतोय, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी.

बेचाळीस कृती संपल्या. संपादकबाईंचा फोन आला. "काय म्हणतेय चाचणी? मुखपृष्ठ तयार आहे. लोक वाट बघतायत."

तिने वहीची पानं चाळली. पहिल्या आठवड्यातल्या कोऱ्या जागा तशाच होत्या. किती घरं, किती टेबलं, तिच्या मनात येऊन गेलं. पण खरं सांगायचं तरी कुणाला आणि कोणत्या शब्दांत?

"प्रमाणं बरोबर आहेत," ती म्हणाली. "फक्त 'चौघांसाठी' हे ठळक छापा."

आठव्या शनिवारी तिने फरशी पुसायला खुर्ची धरली, नेहमीसारखे पाय रोवले, आणि जोर लावला. खुर्ची फटकन हातात आली. ती मागे पडता पडता राहिली.

काट्यावर पाच किलो.

क्षणभर तिला हसू फुटलं. गेलं एकदाचं! तिने खिडकी उघडली, खुर्चीचं बूड ओल्या फडक्याने पुसलं, नवऱ्याला फोन लावायला मोबाइलही उचलला.

मग तो खाली ठेवला.

खुर्ची रिकामी झाली म्हणजे बसलेलं उठलं होतं.

न्हाणीघरात पाणी बंद झालं. सासरे आंघोळ करून बाहेर आले, टॉवेलने कान पुसत. चाल ताठ होती. इतक्या महिन्यांत त्यांनी भिंतीचा आधार घेतला नाही असं पहिल्यांदाच घडलं.

"आज शनिवार ना?" ते म्हणाले, आणि आपणहून काट्यावर चढले.

काटा करकरला.

ती वाकली. काचेखालचे आकडे स्थिर व्हायला वेळ लागला. बहात्तर.

तिने त्यांच्या घोट्यांकडे पाहिलं. काटकुळे, निळ्या शिरांचे. मनगटं तशीच, गळा तसाच. अंगावर एक तोळा मांस चढलेलं नव्हतं.

"वाढलं ना?" त्यांनी हसून विचारलं. "तुमच्या हाताला गुण आहे हो, बाई."

सासऱ्यांनी तिला कधीही बाई म्हटलं नव्हतं.

साडेबाराला ती यंत्रासारखी टेबलाशी आली. नवरा सोफ्यावर होता, पाठ करून. सासरे चौथ्या खुर्चीत बसले. लाकूड त्यांच्याखाली सावकाश दबलं. त्यांनी रुमाल मांडीवर पसरला, आणि ती त्यांच्यापुढे डाव नेऊ लागली तेव्हा हात आडवा केला.

"आधी त्यांना," ते म्हणाले, आणि सासऱ्यांच्या नेहमीच्या जागेकडे मान हलवली.

ती खुर्ची रिकामी होती.

"अहो, वाढा. किती दिवसांचे उपाशी आहेत."

तिने डाव मागे घेतला. तिने वाडगा ठेवला. भरला. चमचा ठेवला. मग ती बसली आणि सगळे जेवले, किंवा जेवल्यासारखे झाले. समोर एकामागून एक वाडगा ओरपला जात होता, त्याचा आवाज तिला ऐकू येत होता. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या रिकाम्या जागेकडेच बघत राहिली आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, घ्या ना बाबा, दोन घास.

सगळं आवरायला ती शेवटी उठली. त्या वाडग्यातलं सूप काठोकाठ तसंच होतं, वर साय धरलेली.

फक्त सायीला एका बाजूने बारीकसा छेद गेला होता, आणि चमचा ओला होता.