उजवी घातलेला बाण

आंगमो लेहला यांगडोलच्या घरी आली ती उंबऱ्यातूनच बोलायला लागली. "आचे, ताई, माझ्या नवऱ्याला उद्या तुरुंगात नेणार. टायर बदलून खून केला म्हणतात!"

यांगडोलनं तिच्यापुढे लोणी घातलेला चहा सरकवला. पोलिसातून निवृत्त झाल्यापासून ती खासगी तपासाची कामं घ्यायची, आणि घाबरलेल्या माणसाला आधी गरम काहीतरी पाजायचं हा तिचा नेम होता. शेजारी तिचा मावसभाऊ मुतुप बसला होता. तो तिची जीप चालवायचा आणि तपासात फुकटची मतं द्यायचा.

आंगमोचा नवरा गुरमेत गावातला एकुलता एक मेकॅनिक. म्हातारे थिनलेस, गावाचे मेमे म्हणजे आजोबा, पाहुण्यांना मोटरसायकली भाड्यानं देत. हंगामाच्या तोंडावर गुरमेतनं त्यांच्या सगळ्या गाड्यांना नवे टायर चढवले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा वाटाड्या लोबझांग लेहकडे निघाला. तागला खिंडीच्या उतारावर पुढचा टायर फुटला आणि लोबझांग दरीत गेला. तो टायर नवा नव्हताच. जुनापुराणा, वर काळं पॉलिश फासलेला.

"नवा लंपास करून जुना घातला, असं गाव म्हणतंय. पोरांनी काल आमच्या दारावर दगड मारले."

"लोबझांग लेहला कशाला येत होता?"

"साक्ष द्यायला. गेल्या साली वर बर्फात ती पाहुणी मुलगी मेली ना, त्याची. पण कुणाविरुद्ध बोलणार ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं."

यांगडोलनं मुतुपकडे बघितलं. मुतुपनं जीपची किल्ली उचलली.

गावात शिरताना त्याला कसंतरीच वाटलं. वाटेवरच्या बायका नजर चुकवत होत्या. "जुले" म्हणून नमस्कार केला तर उत्तर मिळेना. चौकीमागून नदीचा आवाज येत होता, आणि लोबझांग अजून तिच्यातच कुठेतरी होता.

फुटलेलं चाक चौकीत ठेवलं होतं. यांगडोलनं चिंधीनं पॉलिश पुसलं. टायरच्या एका अंगाला वाळलेल्या चिखलासारख्या भेगा होत्या. दुसरं अंग मात्र गुळगुळीत. मधली नक्षी जवळजवळ नव्यासारखी खोल. आतल्या खाचेत गवताच्या दोनचार काड्या अडकल्या होत्या.

"टायरवर कोरलेला बाण बघा, आचे," गजांमागून गुरमेत घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चाक पुढे कुठल्या अंगानं फिरणार ते बाण सांगतो. हा मागे बघतोय. असा उलटा टायर मी बसवीन?"

"पिऊन बसवला असशील," मुतुप म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो!" आंगमो कडाडली.

गुरमेतच्या अंधाऱ्या पत्र्याच्या खोलीत जुन्या टायरांचा ढीग होता. यांगडोलनं एकेकावरून अंगठा फिरवला. नक्षी पार घासून गेलेली, पण भेग एकही नाही.

"हे झिजलेत," ती म्हणाली.

"मग? जुने म्हटल्यावर झिजणारच," मुतुप म्हणाला.

दुसरा वाटाड्या नवांग दारात बसून ट्यूबला ठिगळ लावत होता. हात कोपरापर्यंत काळे. वरच्या छपरावर चाऱ्याचं गवत दगडांनी दाबून ठेवलं होतं.

"लोबझांगची जागा आता मला मिळणार, म्हणून मीच मारला, असंच ना?" तो खेकसला. "गाड्या रात्रभर मेमेंच्या अंगणात असतात. फाटकाला कुलूप नाही. कुणीही आत जाईल."

"त्या मुलीला बर्फात कुणी नेलं होतं?"

"मी आणि लोबझांगनं." ठिगळावरचा त्याचा हात थांबला. "हवा वाईट होती. पण आम्ही काय, सांगकामे." तो पुन्हा ठिगळ घासायला लागला.

मेमे थिनलेस छपरावर उन्हात बसले होते. उजव्या हातात जपाचं चक्र अखंड फिरत होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून लसूणघासाच्या गंजीवर जीपचे जुने टायर ठेवले होते. उन्हानं गवत पांढरं पडलं होतं. टायरांच्या मधल्या मोकळ्या जागेत मुतुपला एक हिरवट कडं दिसलं, अरुंद, परातीएवढं. गवतातही चित्रं उमटतात, असं मनात येऊन तो गमतीनं बघत राहिला.

"पोरासारखा होता लोबझांग," मेमे म्हणाले. "गुरमेतचं मात्र वाईट वाटतं. लोभ वाईट. मला यातलं काही कळत नाही, बाई. या हाताला कधी ग्रीस लागलं नाही."

"संध्याकाळच्या आत एकदा चौकीत याल का, मेमे?"

"येईन की. त्या पोरासाठी प्रार्थना म्हणेन."

चौकीत हवालदारासमोर यांगडोलनं एक रिम ब्रेकची चकती वर करून जमिनीवर आडवी टाकली, शेजारी नवा टायर. "बसवू नका. कुठलं अंग वर ते बघून नुसता रिमवर ठेवा."

हवालदारानं गुरमेतला तेवढ्यापुरतं बाहेर काढलं; त्यानं टायर ठेवला आणि परत गजांमागे गेला. नवांगनं ठेवला. मेमेंनी टायर उचलला, बाण न्याहाळला, टायर पालथा केला आणि अलगद ठेवला.

यांगडोल खाली बसली. "टायर दोन तऱ्हांनी मरतो. रस्त्यावर पळून मरतो तेव्हा झिजतो. उन्हात नुसता पडून मरतो तेव्हा रबर सुकतं आणि भेगा पडतात. गुरमेतच्या ढिगातले झिजलेत, एकालाही भेग नाही. हा झिजलेला नाही, पण भेगाळलाय, आणि तोही एकाच अंगाला. म्हणजे वर्षानुवर्षं उन्हात एकाच कुशीवर पडून होता. आत गवत. तेव्हा हा गॅरेजमधून नाही, छपरावरून आला."

मुतुप मधेच ओरडला. "ते हिरवं कडं!"

"हो. जिथं टायर होता तिथलं गवत उन्हानं विटलं नाही. जीपच्या टायरचं कडं एवढं अरुंद नसतं. नवांगच्या छपरावर दगडच आहेत. मघाशी हवालदारांनी हा फुटका टायर मेमेंच्या गंजीवर ठेवून पाहिला. बरोबर बसला."

"कुणीही उचलून नेला असेल," मेमे शांतपणे म्हणाले. चक्र फिरतच होतं.

"असेल. पण बसवला कुणी? ब्रेकची चकती वाकू नये म्हणून चाक आडवं टाकताना चकती वर ठेवतात. या गाड्यांची चकती डाव्या अंगाला. डावीकडून बघितलं तर पुढे जाणाऱ्या गाडीचं चाक उलटं फिरतं, घड्याळाच्या काट्यांच्या आणि आपल्या जपाच्या चक्राच्या विरुद्ध. रोज टायर चढवणाऱ्याला ते ठाऊक असतं. या दोघांनी आत्ता तसाच ठेवला. पण जन्मभर स्तूपाला उजवी घालून प्रदक्षिणा करणारा, ज्याच्या हाताला ग्रीस ठाऊक नाही, तो बाण कुठं वळवील?" तिनं जमिनीवरच्या टायरकडे बोट केलं. "तुम्ही आता ठेवलात तसा, मेमे. उलटा."

नवांग एकदम बोलला. "हवा बघून आम्ही नको म्हणालो होतो. मेमेंनीच वर धाडलं. लोबझांग तेच सांगणार होता. मी भ्यालो, तो भ्याला नाही." तो रडायला लागला.

मेमे कुणाचंच ऐकत नव्हते. ते खाली वाकून बाणाकडे बघत होते, खरोखर दुखावल्यासारखे.

"उलटा कसा असेल?" ते म्हणाले. "त्या रात्री मी दोनदा तपासून उजवीकडेच वळवला होता."

मेमेंच्या हातातलं चक्र आपल्याच वेगानं दोनचार फेरे फिरलं आणि थांबलं. आंगमोनं हवालदाराच्या कमरेची किल्ली न विचारता काढून घेतली आणि गजांकडे गेली.