पाहुण्यांची प्रत

बारा वाजता दोन शेजारी देशांचे व्यापारमंत्री सह्या करणार होते, आणि दहा वाजता कपाटात कराराच्या दोन प्रतींपैकी एकच उरली होती.

"कुलूप शाबूत आहे. किल्ल्या तिघांकडे. मी, टायपिस्ट आणि बाइंडर," सचिव म्हणाले. "त्या टायपिस्ट पोरीनंच विकली असणार. सकाळपासून बसवून ठेवलंय तिला. अकराला पोलीस बोलावतो."

"कुठली प्रत गेली?" गुप्तहेर ताईंनी विचारलं.

"पाहुण्यांची. मजकूर तोच. रिवाजाप्रमाणे त्यांच्या प्रतीत त्यांच्या देशाचं नाव आधी, आपल्या प्रतीत आपलं."

ताईंचे धाकटे बंधुराज मान डोलवत राहिले. त्यांचं डोकं सावकाश चालायचं, पण चालायचं.

रडून टायपिस्टचे डोळे सुजले होते. "मी कशाला चोरू? सगळा मजकूर माझ्याच कॉम्प्युटरवर आहे. काल मामांनी प्रती बांधून दिल्या, मी कपाटात ठेवल्या."

"मामा?"

"बाइंडर माझे सख्खे मामा. इतकी वर्षं अहवालच बांधायचे. जुने बाइंडर निवृत्त झाले, म्हणून करार पहिल्यांदाच त्यांच्याकडे आला."

तळघरातल्या बाइंडिंगच्या खोलीत मामा म्हणाले, "आज काही काम नाही." पण पुस्तकं दाबायचा प्रेस घट्ट आवळलेला होता आणि त्यांच्या अंगठ्यावर ओली खळ होती.

"भाचीला वर का बसवलंय, ठाऊक आहे?"

"साहेब रागावले असतील. हुशार आहे हो पोर. घाईत चूक कुणाचीही होते."

ताई हसल्या. त्यांनी सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"चोराला मजकूर हवा असता तर कुठलीही प्रत चालली असती. गेली ती नेमकी पाहुण्यांचं नाव आधी असलेली. रिवाज माहीत नसलेल्या माणसाला ती चूकच वाटणार. आणि चुकीचा विषयही कुणी काढला नसताना मामा भाचीची चूक पोटात घालताहेत. प्रेस उघडा."

आत पाहुण्यांची प्रत होती. शिवण उसवलेली, पानं जशीच्या तशी.

"सकाळी पुन्हा पाहिली तेव्हा दिसलं, त्यांचं नाव आधी," मामा पुटपुटले. "म्हटलं, गुपचूप पान बदलून घेऊ. पण नवं पान टाइप करायला ही एकटी भेटेच ना."

"म्हणजे चोरीच नाही?" बंधुराज म्हणाले. सचिव खुर्चीत मटकन बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

मामांनी अर्ध्या तासात प्रत पुन्हा शिवली. सचिवांनी सगळ्यांदेखत टायपिस्टची माफी मागितली.

"मामा, उसवण्याआधी मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"साहेबांसमोर विचारलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सुखानं रडली.