माहेरपणाला आलेली किडनी

मुक्ता सकाळपासून तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात डोकावली. तिची आई, अर्चनाताई, बिनमिठाची आमटी ढवळत होती.

"काय म्हणतेय ती?"

"मजेत आहे," कुशीवर हात ठेवत आई म्हणाली. "तू जरा एका जागी बस बघू."

ती म्हणजे किडनी. दोन वर्षांपूर्वी आईने मुक्ताला दिलेली आणि तीन महिन्यांपूर्वी पुन्हा आईच्याच पोटात येऊन बसलेली. मुक्ताच्या स्वतःच्या किडन्या ज्या आजाराने गेल्या, त्याने हिलाही गाठलं होतं. किडनीत खोट नव्हतीच. मुक्ताच्या रक्तातला एक घटक किडनीची चाळण फाडत होता. म्हणून डॉ. बागवान यांनी नवा उपचार सुरू केला. किडनी बरी होईपर्यंत दात्याच्या शरीरात ठेवायची आणि तोवर मुक्ताला डायलिसिसवर ठेवून रक्तगाळणीने तो घटक उपसून काढायचा. कागदोपत्री याला 'तात्पुरता दाता-निवास' म्हणत. एवढं लांबलचक मिरजेत कोण बोलणार? वॉर्डातल्या सिस्टरांनी त्याचं 'माहेरपण' करून टाकलं. नाव गोड होतं, पण त्यात परत जाणं गृहीतच धरलेलं होतं.

तेवढ्यात भिंतीवरच्या पडद्यावर डॉक्टर आले. "मुक्ता, रक्त स्वच्छ झालंय. उद्या पाठवणी."

"तो घटक पुन्हा नाही ना तयार होणार?"

"दहातल्या तिघांत होतो. आणि संमतीआधी मला हेही सांगावंच लागतं. अर्चनाताईंची दुसरी किडनी थकत चाललीय. ही काढली, तर वर्षभरात त्यांना डायलिसिस लागेल. त्यांना हे महिन्यापूर्वीच सांगितलंय."

संमतीचा फॉर्म पडद्यावर ठेवून डॉक्टर गेले. मुक्ताला आईचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, कारण 'उद्या' ऐकून ती आधी खूश झाली होती. सुया टोचून घेऊन ती कंटाळली होती.

"लपवलंस माझ्यापासून?"

"माहेरपणाला आलेली लेक कुणी ठेवून घेतं का गं?" आईने हात पुसले आणि पडद्यावर अंगठा टेकवला.

"आणि सासरी पुन्हा जाच झाला तर? तरी पाठवशील?"

आईने गॅस बारीक केला. पडद्यावर मुक्ताच्या अंगठ्याची जागा लुकलुकत होती. हात पुढे केला तर आई आजारी पडणार, मागे घेतला तर आपण आजारीच राहणार. यातलं काय पदरात घेऊन जगता येईल?