भयगंधाचं घर

काचपेटीतल्या फळीला वाळवीच्या एका किड्यानं तोंड लावलं आणि अकराव्या सेकंदाला बाकीचे तीनशे उलटे फिरले. फळीत विष नव्हतं.

"पळाले कसे, वर्गात मुख्याध्यापक शिरल्यासारखे!" ऋजुताचे वरिष्ठ डॉ. फातर्पेकर म्हणाले.

ऋजुता हसली नाही. आंबोलीच्या संशोधन केंद्रानं दिलेलं लाकडी घर तिच्या डोळ्यांपुढे होतं. खांबांत वाळवी, वाशांत भुंग्यांची भोकं, आणि खाली रांगणारी आठ महिन्यांची जुई. औषध फवारायची सोय नव्हती; जुई जमिनीला जीभ लावायची. म्हणून तर तिनं हे 'स्मृतिकाष्ठ' घडवलं होतं. लाकडात वाढवलेली बुरशी चावणाऱ्याची लाळ चाखायची, त्याचं कूळ ओळखायची आणि त्या कुळातलं कुणी घाबरलं की अंगाला जो वास सुटतो तो सोडायची. भयगंध.

"म्हणजे घर कुणाला मारत नाही," तिचा नवरा हर्षद म्हणाला होता. "फक्त सांगतं, तुमचं माणूस घाबरलंय, पळा."

घराला बुरशी टोचल्यावर महिन्याभरात वाळवी गेली. मग साळिंदरं आली. हातांच्या घामाचं मीठ मुरलेला ओटीचा कठडा त्यांनी कुरतडून ठेवला.

"सर, बुरशीनं फक्त कीटकांचीच लाळ ओळखावी म्हणून घातलेलं कुलूप काढू या."

"नको गं. एकेक प्राणी तपासून यादीत घालू. सहा महिने लागतील."

"सहा महिने? अंगणात काटे पडतात त्यांचे. उद्या जुईनं तोंडात घातला तर?"

"तू आई झाल्यापासून जगातली प्रत्येक वस्तू जुईच्या तोंडात जाते बघ."

त्या सोमवारी तिनं स्वतःच कुलूप काढलं. उरलेल्या स्मृतिकाष्ठाचा जुईला पांगुळगाडाही करून घेतला. याहून सुरक्षित लाकूड कुठलं?

साळिंदरं फिरकेनाशी झाली. जुई मात्र रडू लागली. पांगुळगाडा धरून उभी असताना किंचाळायची. ऋजुता धावत जाऊन उचलायची, तर अंग ताठ करून मागे रेलायची. "दात येताहेत," मुलांचे डॉक्टर म्हणाले. ऋजुतानं तीन आठवडे त्यावर विश्वास ठेवला. मग पांगुळगाड्याच्या दांडीवर तिला दोन बारीक खाचा दिसल्या.

दांडीचा तुकडा फातर्पेकरांनी तपासला.

"माणसाचाच भयगंध आहे."

"जुईचा?"

"तिच्या लाळेत तुझं दूध होतं, ऋजुता. बुरशीनं ओळखलं ते तुला. गेले तीन आठवडे त्या पोरीला एकच निरोप मिळतोय, आई घाबरली आहे." त्यांनी चष्मा काढला. "वाळवी पळून तरी जाते. हिनं आईपासून पळायचं कुठं?"

त्याच दुपारी ऋजुता आणि हर्षदनं घर सोडलं. सावंतवाडीत सिमेंटच्या दोन खोल्या घेतल्या. पांगुळगाडा, पाट, पोळपाटसुद्धा मागे ठेवला. ऋजुतानं सगळे कपडे बदलले. चार दिवस जुईला हर्षदनंच सांभाळलं. ती खिदळायची, त्याचं नाक ओढायची.

पाचव्या दिवशी ऋजुतानं हात पुढे केले. छातीत धडधडत होतं. आता रडली तर?

जुईनं तिच्या मानेत तोंड खुपसलं, हुंगलं, आणि किंचाळून बापाकडे झेप घेतली.

"सर, इथं लाकडाची काडी नाही," ऋजुता फोनवर म्हणाली. "मग हा वास येतो कुठून?"

"तिला घेताना तुला भीती वाटली?"

"वाटणारच ना! ती रडेल म्हणून."

"मग तो खरा आहे," फातर्पेकर हळू म्हणाले. "घरानं केली ती नक्कल होती. तू घाबरायची थांबलीस की जाईल."

सहा महिनेच तर लागणार होते यादीला. ऋजुतानं फोन ठेवला. जुई अजून रडत होती.

"तू जरा आत जातेस?" हर्षद खाली बघत म्हणाला.

ती आत गेली. दार लावून घेतलं, फटीला टॉवेल लावला आणि श्वास रोखून ऐकत राहिली. बाहेरचं रडणं थांबलं.