पावणेबाराचा शुक्र

तो समोरचा ठळक दिसतोय तो कुठला, हे मला विचारू नका. मला आकाशातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. का ते सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

पाणीपुरवठ्यात माझ्याबरोबर एक फिटर होता. एखादी गोष्ट धरली की सोडायचा नाही, म्हणून आम्ही त्याला पक्कड म्हणायचो. पन्नाशीत गड्याला तारे ओळखायचं खूळ लागलं. पुतणीनं पुस्तक दिलं होतं. लुकलुकतो तो तारा, स्थिर दिसतो तो ग्रह, सरकतं ते विमान नाहीतर उपग्रह. एवढ्या भांडवलावर स्वारी आम्हाला शिकवायची.

नऊ डिसेंबर, रात्री पावणेबारा. घरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला तो गच्चीवर गेला. समोरच्या टेकडीवर गावाची मोठी टाकी. तिथे त्याचा धाकटा भाऊ रात्रपाळीला असायचा. टेकडीच्या माथ्याला अगदी टेकून एक ठळक उजेड दिसत होता. लुकलुक नाही. पक्कडनं ठरवलं, हा शुक्र. बायकोलाही वर बोलावून दाखवला आणि सुखानं झोपला.

सकाळी भाऊ टाकीच्या शिडीखाली सापडला. दोन्ही पाय मोडलेले, मोबाइल वर खोलीत राहिलेला. हातात बॅटरी, तोंड आपल्या भावाच्या घराकडे. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता.

तीन-चार दिवसांनी पक्कडनं पुतणीला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. त्याच भावाची मुलगी ती. म्हणाली, "काका, शुक्र संध्याकाळी दिसतो, नाहीतर पहाटे. मध्यरात्री कधीच नाही."

त्याला अन्न गोड लागेना. तिथे खरोखर एखादा ग्रह असावा, एवढंच त्याला हवं होतं. तसं असेल तर तो सुटला. म्हणून सोळा तारखेला, त्याच वेळी, पुन्हा गच्चीवर गेला.

उजेड होता. तिथेच. स्थिर.

आनंदानं रडलो, असं त्यानंच मला सांगितलं. ग्रहच होता तर. भाऊ नव्हता.

मग खात्रीसाठी, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, विजेच्या तारेशी नजर जुळवली. सरकतो का बघायला.

सरकला.

खाली...

टेकडीच्या पायवाटेनं. माणूस बॅटरी धरतो त्या उंचीवर नाही. जमिनीलगत. थोडा यायचा... थांबायचा... पुन्हा थोडा.

गल्लीच्या तोंडाशी आला. दाराशी आला. विझला.

खाली दारावर थाप पडली. अगदी हलकी.

बायको म्हणाली, "उघडा ना."

तो जिन्यातच बसला. "नको."

पुन्हा थाप. मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा. पहाटेपर्यंत.

त्यानं कडी काढली नाही. दुसऱ्यांदाही गेला नाही भावाकडे. मी तरी काढली असती का, देव जाणे.

त्या दाराला मी माझ्या हातानं दोनदा रंग दिलाय. वाळला की बोटांचे ठसे पुन्हा वर येतात. पाचही बोटं. उंबऱ्यापासून वीतभर उंचीवर.