इन्सब्रुकच्या पुढची गाडी

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीपासून बंगळुरात, मल्लेश्वरमच्या अकराव्या क्रॉसवरच्या, म्हणजे आडरस्त्यावरच्या, त्या घरात एक रिवाजच पडून गेला होता. संध्याकाळचा चहा झाला, की टेबलावरचं क्रोशाचं झाकण निघायचं आणि युरोपातल्या रेल्वेगाड्यांचं विटेएवढं जाड वेळापत्रक उघडलं जायचं. चंद्रकांत आठल्ये जलहळ्ळीच्या कारखान्यात मोजमापांच्या विभागात इंजिनिअर होता, आणि मायदेशी परतणाऱ्या एका स्विस साहेबानं जाताना ते पुस्तक त्याला भेट दिलं होतं. येत्या उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याला झुरिचला जायचं होतं. आपल्या खर्चानं बायकोला नेलं तर कारखान्याची हरकत नव्हती.

खरं सांगायचं तर ही सहल त्याची नव्हतीच, वसुमतीची होती. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आठ वर्षं फळ्यावर निळ्या-पांढऱ्या खडूनं आल्प्स काढत आली होती आणि स्वतः नंदी हिल्सपेक्षा उंच काही चढली नव्हती. त्यामुळे वहीचं डावं पान त्याचं आणि उजवं तिचं, अशी वाटणी झाली. डावीकडे गाड्या, फलाट बदलायला मिळणारी मिनिटं, स्टेशनांची नावं. उजवीकडे कुठला घाट, कुठला बोगदा, कुठली नदी कुठे उगम पावते. तीन मेला मुंबईहून बोट, पंधराला जिनोआ. तिथून मिलान, गोथार्डचा बोगदा, आंडरमाटला तीन दिवस, मग कूर, मग ऑस्ट्रियात शिरून इन्सब्रुक. उतरायच्या घरांना पत्रं गेली, उत्तरंही आली.

इन्सब्रुकला मात्र दोघांचं वाजलं.

"तिथून सरळ झुरिच," चंद्रकांत म्हणाला. "माझं काम सुरू व्हायचंय."

"व्हिएन्ना इतकी जवळ आल्यावर? अहो, मी काय पुन्हा येणार आहे का तिथे?"

"वसू, सहल म्हणजे सगळा नकाशा नव्हे."

इन्सब्रुकच्या पुढे तिनं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली.

शेजारच्या सकवारबाईंना या सगळ्याचं भारी कौतुक. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इकडे असलेलं. त्यांची मराठी ऐकताना चंद्रकांतला अजूनही मध्येमध्ये अडखळायला व्हायचं. निघायची तारीख कळल्यावर त्यांनी परस्पर ज्योतिषी भीमाचार्यांकडून पंचांग बघून आणलं.

"दिवस चांगला नाही म्हणतात, अण्णा. चोवीस तारखेचा गुरुवार चांगला. त्या दिवशी तुमचं पस्तान आमच्या घरी ठेवा की."

प्रस्थान ठेवायचं, म्हणजे मुहूर्तावर आपली एखादी वस्तू गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास त्या घडीलाच सुरू झाला असं धरतात, माणूस आठवड्यानं का निघेना. वसुमतीनं हौसेनं खणाच्या तुकड्यात सुपारी, हळकुंड आणि प्रवासासाठी विणलेला निळा मफलर बांधला. "तुमचा निदान एक रुमाल द्या," ती म्हणाली.

"माझा रुमाल माझ्याबरोबरच येईल," चंद्रकांत हसून म्हणाला. "त्याला पुढे पाठवायला तो काय घोडदळात आहे?"

गुरुवारी सकाळी गाठोडं एकटंच शेजारी गेलं.

शनिवारी कारखान्याचं पत्र आलं. परकीय चलनाची ओढाताण, त्यामुळे प्रशिक्षण वर्षभर पुढे, आणि सोबत कुणाला न्यायची परवानगी तर नाहीच. वसुमतीनं ते उभ्यानंच वाचलं आणि घडी घालून त्याच्या हातात दिलं. "बरं," एवढंच म्हणाली. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं सगळीकडे रद्द केल्याची पत्रं टाकली, वेळापत्रक कपाटात ठेवलं. शेजारचं गाठोडं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

शाळेला सुट्टी होती. रोज साडेपाचला उठणारी वसुमती मेच्या चार तारखेला सहाला उठली. पाचला साडेसहाला. सुट्टी आहे, मन खट्टू आहे, झोपू दे, असं चंद्रकांतनं ठरवलं. मग सात झाले, साडेसात झाले. मोजमापाच्या माणसाला गप्प बसवेना. तो कॅलेंडरच्या मागे वेळा लिहू लागला. कधी एखादा दिवस तसाच जायचा, पण सरकायची तेव्हा वेळ बरोबर अर्ध्या तासानं सरकायची. दहा मिनिटं नाही, पाऊण तास नाही. आणि खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ती भिंतीला हात टेकत चालायची.

"चक्कर येते का?"

"नाही हो. जमीन जरा हलते, पण सवय होते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

तिनं त्याच्याकडे नीट आठवून पाहिल्यासारखं पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, यकृताचं औषध लिहून दिलं. पंधरा तारखेला तिची उठायची वेळ दहावर येऊन थांबली आणि पुढे हलली नाही. अर्ध्या तासाच्या नऊ उड्या, म्हणजे साडेचार तास. चंद्रकांतनं ती बेरीज दोनदा केली. हिंदुस्थानच्या आणि इटलीच्या घड्याळात किती फरक आहे ते त्यानं स्वतःच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. त्यानं कॅलेंडर भिंतीवर पुन्हा सरळ लावलं आणि कारखान्याच्या बसला गेला.

त्या आठवड्यात ती सुखात दिसली, हे मात्र कबूल करायला हवं. भर उन्हात पदर खांद्यावरून लपेटून खिडकीशी बसायची, गालांवर लाली असायची. दुपारी बाराला पान वाढलं, की "आत्ताच तर न्याहारी झाली," म्हणायची. पण बावीस तारखेपासून ते सगळं थांबलं. ती व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर पाय जुळवून, मांडीवर पर्स घेऊन बसू लागली. तास न् तास.

"वसू, आत चल ना."

"पुढची गाडी कुठली?" ती विचारायची.

रोज तेवढंच.

अठ्ठावीस तारखेला आंडरमाटहून पत्र आलं. उतरायचं घर चालवणाऱ्या म्हातारबाईंचं, जाड्या अक्षरातलं, मोडक्या इंग्रजीतलं. तुमचं रद्द केल्याचं पत्र मिळालं, पण बाई ठरल्या दिवशी आल्याच, तेव्हा खोली होती ती दिली. निळा मफलर त्यांना शोभतो. रोज सकाळी त्या आमच्या पायरीवर पिठानं नक्षी काढतात. माझी नात त्यावर पाय पडू नये म्हणून उडी मारून शाळेला जाते. बाई बोलतात कमी, पण डोंगरांची नावं त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. उद्या त्या कूरला जातील. मला एकच काळजी वाटते. त्यांच्या कागदावर इन्सब्रुकच्या पुढे काहीच लिहिलेलं नाही. ते माझे यजमान लिहितील, असं त्या म्हणतात.

चंद्रकांतनं पाकिटावरचा शिक्का पाहिला. तिकीट पाहिलं. कुणाची चेष्टा असावी म्हणून माणसं आठवून पाहिली. मफलरबद्दल त्यानं कुणालाही लिहिलं नव्हतं. मग तो शेजारी गेला.

सकवारबाईंनी गाठोडं कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. "हात नाही लावला, अण्णा," त्या म्हणाल्या. "स्वल्प गार असतं, एवढंच. फळीला ओल येते, मी पुसते."

त्यानं हात लावला. मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, ते गाठोडं गार होतं. बोटं आखडावीत इतकं गार.

"मी हे घरी नेतो."

"बेडा, अण्णा, नको!" त्यांनी त्याचा हात धरला. तसं त्यांनी कधी केलं नव्हतं. "अर्ध्या वाटेवरनं वस्तू उचलली, तर माणूस कुठं येणार? जिनं ठेवलं तिनंच उचलायचं. वसुअक्का आली की उचलेल."

"ती घरीच आहे, सकवारबाई."

व्हरांड्यात बसलेली वसुमती तिथून दिसत होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

शाळा दोन जूनला उघडणार होती. त्यानं आजारपणाचा अर्ज दिला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी तेवीस तारखेपर्यंत वाट बघू म्हणून कळवलं. पण त्याला शाळेची फिकीर नव्हती. त्याला तिची आठवण येत होती. चार हातांवर खुर्चीत बसलेल्या बायकोची इतकी आठवण यावी याची त्याला लाज वाटत होती, आणि भीतीही.

गुरुवारी दुपारी रजा काढून त्यानं कपाटातून वेळापत्रक आणि वही काढली आणि टेबलावरचं क्रोशाचं झाकण बाजूला केलं. आधी सर्वांत जवळचा रस्ता लिहिला, ब्रेनर घाटातून थेट खाली जिनोआ आणि मिळेल ती बोट. दोन दिवसांत बंदरावर. मग त्यानं उजवं पान पाहिलं. तिच्या बारीक अक्षरात सेमरिंगबद्दल अख्खा परिच्छेद होता, पहिली डोंगरी रेल्वे, बोगदे इतके, पूल इतके. दरवर्षी सातवीच्या मुलींना ती हे सांगायची.

त्यानं खोडरबर घेतलं.

नवीन पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. तीस मे, इन्सब्रुकहून सकाळची गाडी, उजवीकडची खिडकी धरावी. व्हिएन्ना, तीन दिवस. सेमरिंगला दिवसाउजेडीच्या गाडीनं जावं, घाई करू नये. व्हेनिस. जिनोआ. सात जूनची बोट. एकोणीसला मुंबई. एकवीसला सकाळी बंगळूर. शेवटी त्यानं लिहिलं, "मी घरी आहे." मग कागदाची घडी करून ती आपल्या रुमालात गुंडाळली, शेजारी जाऊन गाठोड्याच्या गाठीत खोचली आणि मागं न बघता बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती.

तो आत धावला. वसुमती आत खिडकीशी उभी होती. उजवीकडच्या.

"किती उंच आहेत हो," ती म्हणाली.

त्यानंतर चंद्रकांत खरोखरच आनंदात राहिला. लोकांना काय वाटेल ते वाटो. ती एकटीच हसायची, दुपारी गुणगुणायची. आठ जूनला ती साडेनऊला उठली, तेव्हा त्यानं कॅलेंडरच्या मागे तो आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग नऊ. साडेआठ. भिंतीला हात टेकणं पुन्हा सुरू झालं, पण आता तो तिच्या बाजूनं चालायचा.

एकवीस तारखेला, शनिवारी, ती साडेपाचला उठली. अंघोळ करून, केस विंचरून फाटकाबाहेर गेली आणि शेजारून गाठोडं घेऊन आली. उंबऱ्यात उभं राहून तिनं घराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"किती वाळलात तुम्ही," ती म्हणाली. "चहा टाकू? घरच्या चहाची चव जिभेवर नाही कितीतरी दिवस."

तो हसला, रडला, आणि चहाची पातेली त्यानंच चढवली. तिला कुठे होतीस असं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. फक्त चहा पिता पिता म्हणाली, "सेमरिंगचे पूल मी चुकीचे शिकवत होते. सोमवारी मुलींना सांगायला हवं."

कुंपणापाशी सकवारबाई भेटल्या. "तुमचा रुमाल राहिला की, अण्णा. आतला कागद कुठं गेला देव जाणे, रुमाल नुसताच होता. रिकामा कसा ठेवायचा? आचार्यांनी परवाचा गुरुवार चांगला सांगितला, म्हणून सुपारी-हळकुंड घालून वेगळा बांधून ठेवलाय. पुढच्या वर्षी जायचंच आहे न तुम्हाला?"

"असू दे तिथेच," चंद्रकांत म्हणाला. त्या सकाळी तो कशालाही हो म्हणाला असता. दुपारपर्यंत उन्हाळा बाधला होता हे कारणही त्याला पटत आलं होतं. आंडरमाटचं पत्र त्यानं कपाटात, वेळापत्रकाच्या खाली ठेवून दिलं.

रविवारी त्याला सहाला जाग आली. रविवारच होता. सोमवारी घाईघाईत बस गाठली; साडेसहा होऊन गेले होते. वसुमती शाळेत जाऊन आली. मुली तिला बिलगल्या म्हणे.

मंगळवारी गिरणीचा सातचा भोंगा त्यानं अंथरुणात ऐकला. बंगळुरात आल्यापासून पहिल्यांदाच. बाहेरच्या खोलीत टेबलावर क्रोशाचं झाकण नव्हतं. वेळापत्रक उघडं होतं, शेजारी वही, आणि वसुमती पेन्सिलीला टोक काढत होती. तिच्यासमोर कॅलेंडर उलटं पडलं होतं. त्याच्या आकड्यांच्या खाली तिच्या अक्षरात तीन नवे आकडे होते.

"या, बसा," ती शांतपणे म्हणाली. "घाबरू नका, मला रस्ता ठाऊक आहे. फक्त या वेळी परतीची गाडी आधी लिहू."

तो तिच्याकडे निघाला, आणि मध्येच त्यानं भिंतीला हात टेकला.